कृत्तिकांचा फोटो काढताना या चुका टाळा

कृत्तिकांच्या फोटोत सगळ्यांना हवं असतं ते ताऱ्यांभोवतीचं निळं धुकं, म्हणजेच तेजोमेघ. नेमका तिथेच नवशिक्यांचा घोळ होतो. कधी लेन्सचा दोष तेजोमेघ समजून कौतुकाने शेअर केला जातो, कधी लेन्सवर साचलेलं दव. आणि कधी खरोखर टिपला गेलेला तेजोमेघ प्रोसेसिंगमध्ये आपल्याच हाताने पुसला जातो. म्हणून या लेखात त्या निळ्या रंगाचाच माग काढू.

आधी तिथे आहे काय, ते पाहू. कृत्तिका म्हणजे एम ४५, सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचा खुला तारकापुंज. वय साधारण १० कोटी वर्षं. डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, प्रत्यक्षात हजाराहून जास्त आहेत. आकाशात पुंजाचा पसारा जवळपास दोन अंश, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने ठेवल्याएवढा. त्यामुळे दुर्बीण लागत नाही. साधा कॅमेरा आणि ८५ ते २०० मिमीची लेन्स भरपूर झाली. हे धुकं ताऱ्यांच्या जन्मातून उरलेलं नाही. पुंज सध्या धुळीच्या एका वेगळ्याच ढगातून चालला आहे आणि ती धूळ ताऱ्यांचा प्रकाश विखुरते, निळा जास्त. मेरोपी या ताऱ्याजवळचा भाग सगळ्यात ठळक. विल्हेल्म टेम्पेल यांनी तो १८५९ मध्ये शोधला.

रात्र चुकते

कार्तिक महिन्यात कृत्तिका जवळजवळ रात्रभर दिसतात, म्हणून अनेकजण कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास कॅमेरा बाहेर काढतात. पण त्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपासच असतो. महिन्याला नावच त्यावरून पडलं आहे. त्या उजेडात धुळीचा मागमूस लागत नाही. दिवाळीची अमावास्या अंधारी असली तरी हवेत फटाक्यांचा धूर असतो. खऱ्या कामाच्या रात्री त्यानंतरच्या: कार्तिक आणि मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे. जागा शक्य तितकी अंधारी निवडा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. सगळ्यांना तिथवर जाणं जमणार नाही, पण शहरापासून ५०-६० किलोमीटर दूर गेलात तरी फरक डोळ्यांना जाणवतो.

आणखी एक. महाराष्ट्रातून पाहताना कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात. मुंबईचा अक्षांश १९, कृत्तिकांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) २४ अंश. अगदी माथ्यावर असताना ट्रायपॉडवरून नेम धरणं, वाकून स्क्रीन बघणं फार त्रासाचं होतं. माथ्यावर येण्याआधी किंवा येऊन गेल्यावर दोन तासांनी काम करा.

पाचशेचा नियम डोळे झाकून पाळू नका

"५०० भागिले लेन्सची लांबी, तेवढे सेकंद" हा नियम फिल्मच्या जमान्यातला. १३५ मिमीची लेन्स आणि क्रॉप सेन्सर घेतला (म्हणजे लांबी दीडपट धरली) तर तो अडीच सेकंद देतो. आता प्रत्यक्ष हिशेब करा. कृत्तिका सेकंदाला सुमारे १४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात आणि ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर या लेन्समधून ६ विकला मावतात. अडीच सेकंदांत तारा पाच-सहा पिक्सेल सरकला, म्हणजे टिंबाची रेघ झाली. ५०० ऐवजी २०० घ्या, एक सेकंद येतो. एफ २.८, आयएसओ १६०० किंवा ३२००, फाइल रॉ, आणि असे शेकडो फोटो. स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळे फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढताना, फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत सुधारणा होते: १०० फोटोंनी नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) दहापट कमी, ४०० फोटोंनी वीसपट.

नुसत्या ट्रायपॉडवर पुंज फ्रेममधून हळूहळू बाहेर जातो. दर पाच-सात मिनिटांनी तो पुन्हा मध्यावर आणा. तारे जुळवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं.

एका-एका सेकंदाच्या फोटोंमधून मेरोपीजवळ धुक्याची चाहूल लागली तरी ते यश माना. पसरलेली धूळ हवी असेल तर ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) लागतो: साठ सेकंदांचे साठ-सत्तर फोटो, अंधाऱ्या आकाशाखाली. ट्रॅकर लावताना आपल्याकडे एक अडचण हटकून येते. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून अक्षांशाएवढाच वर असतो. पुण्यात साडेअठरा अंश, गोव्यात जेमतेम साडेपंधरा. उत्तरेला डोंगर किंवा गावाचा उजेड असेल तर तो सापडतच नाही. जागा ठरवताना आधी उत्तर मोकळी आहे का बघा.

फोकस

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बहुतेक लेन्समध्ये खरा फोकस तिच्या थोडा अलीकडे असतो. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही बंद. रोहिणी किंवा ब्रह्महृदय असा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा आणि रिंग केसभर फिरवत तारा सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. रात्री गारवा वाढला की फोकस सरकतो, तेव्हा तासाभराने पुन्हा तपासा.

निळं दिसतंय, पण ते खरं आहे का?

पहिला संशय लेन्सवर घ्या. स्वस्त लेन्स पूर्ण उघडी ठेवली की प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती निळं-जांभळं कडं येतं. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे त्याच सेटिंगवर एलनाथचे काही फोटो काढायचे. वृषभाच्या शिंगाच्या टोकावरचा हा तारा कृत्तिकांमधल्या अल्सायनीसारखाच निळसर-पांढरा आहे, पण त्याच्याभोवती असं धुकं नाही. एलनाथभोवतीही तसंच गोल निळं कडं आलं, तर ते लेन्सचं. ॲपर्चर एखाद-दीड स्टॉप बंद करून पुन्हा बघा. खरं धुकं गोल नसतं. मेरोपीजवळ ते एका बाजूला पसरतं आणि चांगल्या फोटोत त्यात कुंचल्याने ओढल्यासारख्या रेषा दिसतात.

दुसरा संशय दवावर. रात्र चढेल तशी समोरची काच गार होते, तिच्यावर बारीक दव धरतं आणि तारे मऊ, फुगलेले दिसू लागतात. हा बदल इतका हळू होतो की स्क्रीनवर "धुकं वाढतंय" असं वाटून आनंद होतो. पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा: धुकं सगळ्याच ताऱ्यांभोवती सारखं वाढलं असेल तर ते दव. पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा सुरुवातीपासूनच लेन्सभोवती गुंडाळा. काच पुसत बसू नका, फोकस हलतो.

तिसरा संशय कोपऱ्यांच्या काळोखावर. लेन्स मध्यभागी जास्त प्रकाश देते आणि पुंजही आपण मध्यभागीच ठेवलेला असतो. फोटो उजळवला की मधला उजेड तेजोमेघासारखा दिसतो. यावर उपाय फ्लॅट फ्रेम्स, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो; त्यांवरून सॉफ्टवेअर कोपऱ्यांचा काळोख भरून काढतं. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर पंचवीस-तीस फोटो काढा. फोकस आणि ॲपर्चरला हात न लावता. सेन्सरचा नॉइज वजा करायला लागणाऱ्या डार्क फ्रेम्स त्याच रात्री, झाकण लावून, त्याच आयएसओ आणि एक्स्पोजरला.

फिल्टरचंही इथेच सांगतो. ड्युअल बँड फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या चमकणाऱ्या वायूसाठी असतो. कृत्तिकांभोवतीचा प्रकाश हा ताऱ्यांचाच, धुळीवरून विखुरलेला. तो सगळ्या रंगपट्ट्यात पसरलेला असतो. हा फिल्टर त्यातला बहुतेक अडवतो. कृत्तिकांसाठी ते पैसे खर्च करू नका.

प्रोसेसिंगमध्ये काय बिघडतं

स्टॅकिंगसाठी सॉफ्टवेअर डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही मोफत आहेत. स्टॅक झालेला फोटो जवळजवळ काळा दिसतो आणि नवशिका घाबरतो. माहिती त्यात आहे, ती फक्त हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या टोकाला गोळा झालेली असते. स्ट्रेच म्हणजे हा काळोखातला भाग ताणून उजळवणं. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेच लावल्यावर सुंदर दिसलं आणि सेव्ह केल्यावर पुन्हा काळं झालं, ही तक्रार नेहमीची. ऑटोस्ट्रेच फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरतं असतं. खरं स्ट्रेच वेगळं करावं लागतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पार्श्वभूमी सपाट करताना होतं. शहराच्या उजेडाची छटा काढण्यासाठी सॉफ्टवेअर फोटोभर नमुन्याचे ठिपके टाकतं. त्यातले काही धुळीवरच पडतात, आणि धूळ म्हणजे उजेडाची छटा असं समजून ते ती वजा करतं. कष्टाने मिळवलेलं धुकं एका क्लिकमध्ये जातं. पुंजाच्या आसपासचे ठिपके हाताने काढून टाका, पॉलिनोमियलची डिग्री एकवर ठेवा (म्हणजे छटा सरळ उताराचीच धरली जाते) आणि आधीचा-नंतरचा फोटो आलटून-पालटून बघा. मेरोपीच्या बाजूला काळा खड्डा दिसला तर मागे या.

रंग स्ट्रेचच्या आधी जुळवा. फ्रेममधले सगळेच बारीक तारे निळे दिसत असतील तर व्हाइट बॅलन्स चुकला आहे. मागच्या ताऱ्यांमध्ये पिवळे आणि नारिंगी हमखास असतात. स्ट्रेच थोडं-थोडं, चार-पाच टप्प्यांत करा. सिरिलमधलं एसिंच (asinh) स्ट्रेच ताऱ्यांचे रंग बऱ्यापैकी टिकवतं. आकाश काळंकुट्ट करण्याचा मोह सोडा: ब्लॅक पॉइंट (ज्याखालचं सगळं काळं होतं ती पातळी) ओढला की पहिल्यांदा जाते ती कडेची फिकट, करडी धूळ. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं, नाहीतर लेन्सचं जांभळं कडंही खऱ्या धुक्याच्या बरोबरीने चमकू लागतं.

ही सगळी कसरत एकदम जड वाटली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कर्क राशीतल्या एम ४४ पासून सुरुवात करा. पुष्य नक्षत्रातला हा पुंज मुंबईत जवळजवळ थेट माथ्यावरून जातो आणि त्याच्याभोवती जपावी अशी धूळ नाही. पार्श्वभूमीचे ठिपके कुठेही पडू देत. ताऱ्यांचा आकार, फोकस आणि रंग एवढ्यावरच लक्ष ठेवता येतं.