अभिवचनाचं कार्ड हातात आल्यावर

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या नवापूर भागातल्या चर्चमध्ये बायबलच्या वचनांची टोपली फिरते. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं, ते आपलं वर्षभराचं अभिवचन. मग चहा, केक आणि ‘तुला काय आलं गं?’ अशी पोरींची गडबड. कार्ड मोबाईलच्या कव्हरमागे जातं आणि तुरी घरात येईपर्यंत त्याचा विसर पडलेला असतो. माझं निम्मं आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून गेलं. आता निवृत्त आहे, मंडळीतल्या बायकांचा प्रार्थनागट चालवते, आणि गावात अजून सगळे मला सिस्टरच म्हणतात. कार्डाचं पुढे काय करायचं हे बायका मला विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

पहिलं काम वाचनाचं. कार्डावर एक ओळ मावते, म्हणून त्या ओळीचा अख्खा अध्याय उघडा, जमलं तर आधीचाही. देव हे कोणाला बोलला, ते तेव्हा कोणत्या अवस्थेत होते आणि त्याच दमात त्यांना काय करायला सांगितलं, एवढं शोधा. पेन्सिलीने खूण करा. वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला बसवा, त्यालाही तेवढंच कानावर पडतं.

उदाहरण घेऊ. टोपलीतून हमखास निघणारं कार्ड म्हणजे यिर्मया २९:११, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे विचार आहेत, तो तुम्हाला भविष्य आणि आशा देणार आहे, असं ते वचन. पोरगं दहावीला असलं की आईला वाटतं, झालं, आता मार्कांची काळजी मिटली. पण अध्याय उघडला तर ते एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आणि वरच्याच ओळीत, दहाव्या वचनात, मुदत लिहिली आहे: ७० वर्षं. पत्र ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचे केस तेव्हाच पिकले होते, त्यांनी परतीचा दिवस काही पाहिला नसणार. तरी हे अभिवचन त्यांनाही दिलेलं होतं.

आदला अध्याय वाचलात तर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भेटतो. तो मंदिरात सगळ्यांदेखत म्हणाला की दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू त्याने मोडून टाकलं. त्याआधी यिर्मया त्याला म्हणालाही होता, ‘आमेन, परमेश्वर तसं करो.’ म्हणजे चांगली बातमी त्यालाही हवीच होती. पण हनन्याला देवाने पाठवलेलं नव्हतं, आणि तो त्याच वर्षी मेला. आजही स्टेजवरून तारीख देणारे भेटतात. ‘या महिन्याच्या आत’ असं कोणी म्हणालं की मी मनातल्या मनात अठ्ठाविसावा अध्याय उघडते.

आता त्या पत्रात करायला काय सांगितलंय? पाच ते सात वचनं: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आमच्याकडून दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, पोरं बरोबर, राहायला पाल. तिकडून एखादीचा फोन येतो, ‘सिस्टर, लवकर घरी येऊ असं वचन द्या.’ मी तिला हीच पाच ते सात वचनं वाचून दाखवते. पोरांना जवळच्या शाळेत बसू देतात का ते आजच विचार. शेजारच्या पालातल्या बाईचं नाव माहीत करून घे. रात्री त्या गावासाठी प्रार्थना कर, कारखान्यासाठीही कर. परतीचं देवाकडे आहे, आजचं काम तुझ्याकडे आहे. तिला हे नेहमी आवडतं असं नाही.

गोळी बंद करायची का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून इथे जरा थांबते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, खूप. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी दोष अंगात असला, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता शंभरात पंचवीस. माझ्या भावाच्या मुलीला आहे. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की हातपाय असे दुखतात की पोर गोधडीत वळवळते. तिच्यासाठी आमच्या घरात जितकी प्रार्थना झाली तितकी क्वचितच कशासाठी झाली असेल. एका सभेत एक पाहुणे उपदेशक तिला म्हणाले, गोळ्या घेतेस म्हणजे विश्वास नाही, आज रात्रीपासून बंद कर. पोरीने घरी येऊन विचारलं, ‘आत्या, काय करू?’

मी तिला हिज्कीया राजाची गोष्ट वाचायला लावली, २ राजे, विसावा अध्याय. राजा मरणाला टेकलेला. देव यशया संदेष्ट्याच्या तोंडून म्हणतो, मी तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुला बरं करतो, तुझं आयुष्य १५ वर्षांनी वाढवतो. याहून पक्कं अभिवचन कोणतं? आणि लगेच पुढच्या वचनात यशया म्हणतो, अंजिराची चांदकी, म्हणजे दाबून केलेली वडी, आणा. ती त्यांनी गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. देव बोलला, आणि पोटीसही बांधलं. यशयाला यात काही विसंगत वाटलं नाही, तर आपल्याला का वाटावं?

शिवाय येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर मार्काच्या पहिल्याच अध्यायात त्याला सांगितलं, जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी तपासून ‘शुद्ध’ म्हणायचं काम याजकाचं होतं. म्हणून माझा नियम सोपा आहे. देवाने बरं केलं असं वाटतं का? देवाची स्तुती करा आणि तपासणीला जा. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अॅसिड, काहीही असो, डॉक्टर म्हणतील तेव्हाच कमी होईल किंवा थांबेल. तोपर्यंत गोळी हातात घेऊन आभार मानायचे आणि घ्यायची. भाचीचा आजार आजही आहे. ती नंदुरबारला कॉलेजात शिकते, प्रार्थनेला बसताना पाण्याची बाटली जवळ ठेवते, आणि तिच्यासाठी आम्ही अजून मागतो.

याचीच दुसरी बाजू मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं केलं आणि चक्क ९१वं स्तोत्र म्हणून दाखवलं: देवदूत तुला हातांवर झेलतील, टाक उडी. वचन खरं होतं. येशूने उडी मारली नाही. त्याने उत्तर दिलं की तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. एखादं अभिवचन तुम्हाला गच्चीवरून उडी मारायला लावत असेल, कर्ज काढून देणगी द्यायला लावत असेल किंवा लेकराचा ताप अंगावर काढायला लावत असेल, तर ते तुमच्या कानात कोण म्हणतंय ते आधी बघा.

पैशाचं वचन

‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’, फिलिप्पै ४:१९. हे येशूचा प्रेषित पौल याने कैदेतून लिहिलं. लिहिलं कोणाला? ज्या मंडळीने स्वतःचं पोट आवळून एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती, त्यांना. म्हणजे पौलाची गरज देवाने भागवली ती त्या मंडळीच्या हातून. हे कार्ड निघालं तर आधी आपल्या गल्लीत कोणाची चूल थंड आहे ते पाहून या. आमच्या गटातल्या बायका स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ किंवा ज्वारी डब्यात बाजूला टाकतात, महिनाअखेर तो डबा कोणाच्या तरी घरी जातो. लॉटरीचं तिकीट काढून त्यावर हे वचन म्हणणारेही आहेत. त्यांना मी काही बोलत नाही, चहा देते.

एक कुरकुर करून घेते. जगात तुम्हाला क्लेश होतील, हेही येशूचंच बोलणं, योहान १६:३३. पण कार्डं छापणारे तेवढा भाग गाळून ‘धीर धरा’पासून सुरुवात करतात.

मनच धरत नसेल तेव्हा

विश्वास वाटत नाही म्हणून प्रार्थना थांबवू नका. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप आजारी पोराला घेऊन आला आणि रडत म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एवढ्या फाटक्या वाक्यावर येशूने पोराला बरं केलं. तेव्हा तुम्हीही असंच बोला, मावचीत बोला, अहिराणीत बोला, जी भाषा चुलीजवळ येते तीत. शब्दच सुचत नसतील तर १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असंच सुरू होतं. सहाच वचनं आहेत, रात्री वीज गेल्यावरही पाठ म्हणता येतात.

आणि एकटं राहू नका. पौलाच्या जहाजाची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायात आहे. देवदूताने त्याला सांगितलं होतं की जहाजावरचा एकही जण मरणार नाही. तरी खलाशी लहान होडी पाण्यात उतरवून पळायला लागले तेव्हा पौल शिपायांना म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग त्याने सगळ्यांना खायला लावलं. २७६ माणसं होती. अभिवचन पाठीशी असलेला माणूस कसा वागतो हे बघायचं असेल तर हा अध्याय वाचा: माणसं धरून ठेवतो, भाकर मोडतो, पोटभर खायला सांगतो. तुमचं कार्डही निदान दोघींना दाखवा. आठवड्यातून एकदा त्यांनी विचारायचं, ‘त्या वचनाचं काय चाललंय?’ आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी, भाकरी झाल्यावर, हे होतं. कोणी रडतं, कोणी नुसतंच ‘चाललंय’ म्हणतं. दोन्ही चालतं.

वर्ष सरलं आणि मागितलेलं मिळालं नाही, असंही होईल. इब्रीकरांच्या पत्रात अकराव्या अध्यायात विश्वासाच्या माणसांची मोठी यादी आहे, आणि त्यात तेराव्या वचनात स्पष्ट लिहिलंय की हे सगळे वचनफळ न मिळताच, ते दुरून पाहून मेले. अब्राहामाला पुत्र मिळाला, पण हारान सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या काळात त्याने हागार या दासीकडून मूल होण्याची स्वतःच सोय करून पाहिली, ती गोष्टही शास्त्राने झाकून ठेवलेली नाही. म्हणून जुनं कार्ड फाडू नका. मागे तारीख घाला आणि शास्त्रात त्याच पानावर ठेवून द्या. नवीन वर्षाचं कार्ड आलं म्हणजे जुनं रद्द होत नाही.

शेवटचं, दुसऱ्यांच्या बाबतीत. ज्या घरात प्रार्थना करूनही माणूस गेलं, तिथे कार्ड घेऊन जाऊ नका, आणि ‘विश्वास कमी पडला’ हे तर मनातही आणू नका. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. तुम्ही जाताना डाळ आणि भाकऱ्या न्या, लहान पोरं असतील तर ती दोन दिवस आपल्या घरी आणा, दवाखान्याचे कागद गोळा करायचे असतील तर बरोबर जा. त्यांनी स्वतः वचन विचारलं, तर तेव्हा वाचा.