बेल्ट ओरडतोय म्हणून लगेच नवीन बेल्ट आणू नका

पावसाळा लागला की ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी तो चींईई आवाज येतोच, गाडी स्टार्ट झाली की थोडा वेळ ओरडते मग गप्प. गॅरेजवाल्याकडे नेली की तो बॉनेट उघडून म्हणणार फॅन बेल्ट (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) गेलाय, बदलून टाकू. बदलतो, आवाज बंद होतो, आणि महिन्याभरात परत सुरू. कारण बऱ्याचदा ओरडत असतो बेल्ट, पण बिघाड असतो टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) किंवा बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो त्यातल्या एखाद्या पुलीच्या बेअरिंगमध्ये, नाहीतर वरून कुठून तरी ऑइल किंवा कूलंट गळत असतं. ते शोधायला काही भारी टूल्स लागत नाहीत, पाण्याचा एक स्प्रे आणि सुट्टीची एक सकाळ पुरे.

आधी आवाज नीट ऐका. लांबलचक चींईई, आणि एसी लावला किंवा हेडलाइट चालू केले की वाढत असेल तर बेल्ट घसरतोय. चिक चिक चिक असा तालात येत असेल आणि रेस दिल्यावर ताल फास्ट होत असेल तर एखादी पुली बाकीच्यांच्या रेषेत नाही. आणि घरघर, खरखर असेल तर बेल्टला सोडा, बेअरिंग बघा.

आता पाण्याची टेस्ट. इंजिन आयडलवर ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबूनच थोडंसं पाणी मारायचं, अल्टरनेटरवर नाही, आणि शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातली चेन काहीही लोंबकळत नको. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर अलाइनमेंटचा, म्हणजे पुल्या एका रेषेत नसल्याचा प्रॉब्लेम. पाणी पडल्यावर उलट जास्त ओरडायला लागला तर टेन्शन कमी आहे, म्हणजे टेन्शनरची स्प्रिंग मेलीय किंवा बेल्ट झिजलाय. काहीच फरक नाही पडला तर बेअरिंगकडे वळा. मला विचाराल तर अर्धं निदान इथेच होतं. आणि ते बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे मिळतात ना, ते नकोच, आवाज दाबला जातो, कारण तसंच राहतं, वर धूळ चिकटते आणि घोडबंदर रोडवर धुळीला काय तोटा आहे.

बेल्टला तडे दिसत नाहीत म्हणून तो चांगला आहे असं धरू नका. जुने निओप्रीनचे बेल्ट तडकायचे, हल्लीचे ईपीडीएम रबरचे सहसा तडकत नाहीत, ते गुपचूप झिजतात, खाचा खोल होत जातात आणि मग पुलीच्या धारा खाचेच्या तळाला टेकून बेल्ट घसरतो. बाजूने दोरे निघालेत का, एक कड जास्त घासलीय का, ते पण बघा, एकाच कडेची झीज म्हणजे परत अलाइनमेंट. आणि बेल्ट ऑइलने फुगून मऊ पडला असेल तर धुवून काही होत नाही, बदलायचाच, पण आधी गळती बंद करा, नाहीतर नवीन बेल्टचं पण तेच होणार.

काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, बेल्ट कुठल्या पुलीवरून आणि कुठल्या खालून गेलाय ते. नंतर डोक्यावर हात मारून बसण्यापेक्षा हे बरं. इंजिन गार, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. बऱ्याच छोट्या गाड्यांत बेल्ट ड्रायव्हरच्या बाजूला असतो, वरून हात जात नसेल तर पुढचं उजवं चाक काढून आतलं प्लास्टिक कव्हर सोडवावं लागतं, आणि तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर पाहिजे. ऑटो टेन्शनर असेल तर लांब पान्याने हळू फिरवून बेल्ट सरकवायचा, नसेल तर अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करायचे.

बेल्ट निघाला की खरी मजा. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली, हलली, किंवा अगदी सुळकन मोकळी फिरत राहिली, म्हणजे आतलं ग्रीस संपलंय, तर तीच चोर. वॉटर पंपाखाली (इंजिनमध्ये कूलंट फिरवणारा पंप) कूलंटचा सुकलेला डाग दिसतो का बघा. काही गाड्यांत, डिझेलमध्ये जास्त, अल्टरनेटरची पुली एकाच दिशेला मोकळी फिरते, तो बिघाड नाही, दोन्हीकडे मोकळी फिरली किंवा दोन्हीकडे अडकली तर बिघाड. स्टीलची पट्टी पुल्यांच्या तोंडावर आडवी धरली की रेषा चुकलीय का ते पण कळतं.

नवीन घेताना बेल्टवरचा नंबर वाचा. ६पीके१२३० म्हणजे सहा धारा आणि लांबी १२३० मिलिमीटर. जुना बेल्ट टेपने मोजून ऑर्डर देऊ नका, तो ताणलेला असतो, आणि एसी-बिगरएसी मॉडेलची लांबी वेगळी असू शकते. तुर्भ्याला नाहीतर ठाण्यात कुठल्याही स्पेअरच्या दुकानात जुना बेल्ट हातात घेऊनच जा.

बसवताना प्रत्येक धार आपापल्या खाचेत बसलीय का बोट फिरवून बघा, एक खाच जरी सरकली तरी बेल्ट थोड्याच दिवसांत फाटतो. स्टार्ट करायच्या आधी क्रँकच्या पुलीला (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली) पाना लावून इंजिन चालायच्या दिशेने दोन फेरे फिरवा. हाताने टेन्शन द्यायचं असेल तर सगळ्यात लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त ताणला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग खातो. अशा गाडीत शे-दोनशे किलोमीटरनंतर टेन्शन परत बघायचंच.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या आतल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा, हा वेगळा प्रकार, त्याला घरी हात नको.

आणि गायमुखच्या घाटात नाहीतर पाम बीच रोडवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि सोबत टेम्परेचरचा काटा वर चढला, तर वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे आणि बेल्ट गेलाय असंच समजा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो मागवा, पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ असं करत बसलात तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जाईल आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च होईल.