छोट्या कुत्र्याचं पोट सारखं बिघडतं? आमच्या पॉमला कशानं फरक पडला

आर्वीजवळच्या खेड्यात राहतो, आमची चिंगी चार किलोची पॉमेरेनियन. लक्षणं अशी, शी पातळ आणि चिकट, सकाळी पिवळी उलटी, पोटातून गुडगुड. दूध-पोळी बंद केली, दही-भात दिला, दुकानातलं फूड दोनदा बदललं, काहीच नाही. रात्र रात्र जीव टांगणीला लागायचा.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी आधी शी तपासून जंताचं औषध दिलं, मग खाण्याचं असं सांगितलं. बिनहाडाचं, बिनकातड्याचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, मीठ, हळद, तेल काहीच नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो कुत्र्यांना विषारीच असतो. एक वाटी चिकनला दोन वाट्या गिचका भात, त्यात चमचाभर उकडलेलं कोहळं (लाल भोपळा) कुस्करून, आणि दिवसाचं खाणं चार वेळा थोडं थोडं. रात्री झोपताना दोन घास दिले की सकाळची पिवळी उलटी थांबते.

शी घट्ट झाली की मग छोट्या जातीच्या कुत्र्यांचं चिकन-भाताचं एकच तयार फूड धरायचं, कारण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम वगैरे पुरत नाही. पहिले दोन दिवस पाव भाग नवीन, मग दोन दिवस अर्धा, मग दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मधेच शी पातळ झाली तर एक पायरी मागे. आम्ही फूडचे दाणे कोमट पाण्यात भिजवून देतो, पण आपल्या इकडच्या उन्हात ते लवकर आंबतात, अर्ध्या तासात उरलेलं उचलाच. घरच्यांनाही सांगून ठेवा, वरून बिस्कीट, रस्सा काही नाही.

शीत रक्त दिसलं किंवा पाणीही टिकत नसेल तर हे करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.