इम्युनोथेरपी चालू असताना माणूस वेगळा वागू लागला तर

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू होतं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. तिसऱ्या डोसनंतर एका सकाळी बघते तर अण्णा ओट्यापाशी उभे. पातेल्यात गार पाणी, त्यावर चहापावडर तरंगतेय, गॅस बंद, आणि ते उकळी यायची वाट बघतायत. मला हाक मारली ती बहिणीच्या नावाने. पिंपळगावला चाळीस वर्षं द्राक्षबाग सांभाळलेला माणूस, पण गोडी छाटणी कधी करतात ते आठवेना.

जवळच्या डॉक्टरांनी वयाचं म्हणून झोपेची गोळी दिली. त्यात दोन दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

केमो कॅन्सरच्या पेशी मारते. हे औषध मात्र आपल्या प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढतं. या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं. ब्रेक निघाल्यावर तीच शक्ती कधी थायरॉइडवर, आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटते. फार क्वचित मेंदूवर. मग मेंदूला सूज येते. बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत, पण औषध बंद केल्यावरही येऊ शकते.

डोस सुरू होण्याआधी माणसाचं दोन मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. रोज सकाळी वहीत एक वाक्य लिहून घ्या, कुठलंही. अण्णांची वही मी नंतर पाहिली: आदल्या आठवड्यापासूनच अक्षर ओळ सोडून खाली घसरत होतं, शिरोरेघ गायब. आम्ही ती हिशेबाची वही म्हणून उघडलीच नव्हती.

गोंधळ, न थांबणारी डोकेदुखी, ताप, बोलताना शब्द न सापडणं, दिवसभर गुंगी, विनाकारण चिडणं, यातलं काही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी-चमचा काही घालू नका, 108 लावा. गोंधळलेल्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून गंगापूर रोडच्या गर्दीतून नेऊ नका.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: ‘इम्युनोथेरपी चालू आहे, केमो नाही.’ औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख कागदावर लिहून हातात द्या. मी घाईत ‘कॅन्सरचं इंजेक्शन’ म्हटलं आणि पुढचा तासभर सगळे केमोच धरून बसले.

तिथे रक्तातलं सोडियम, साखर, मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) होतं. एमआरआय नॉर्मल आला तरी सूज नाही असं होत नाही, म्हणून पाठीतलं पाणी काढायला सांगतात. ऐकूनच आमच्या सासूबाई रडल्या. पण जंतुसंसर्ग आहे की प्रतिकारशक्तीचा मारा, हे कळायला ते लागतं. नका नाही म्हणू. अहवाल येईपर्यंत बऱ्याचदा नागिणीसारख्या विषाणूंवरचं अॅसायक्लोव्हिरही चालू ठेवतात.

औषध थांबवून शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस देतात. फरक पडला नाही तर आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीज) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. अण्णांनी चौथ्या दिवशी मला माझ्या नावाने हाक मारली.

घरी आल्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे घेत, हळूहळूच कमी होतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. साखर वाढते, झोप उडते, तेही डॉक्टरांना सांगा. आम्ही रोजचा डोस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचो आणि त्याखाली अण्णा स्वतः सही करायचे.