जपानीत देशांची आणि भाषांची नावे: कुठे काताकाना, कुठे कांजी

देशाचे नाव लिहायचे तर आधी काताकानाच (परके शब्द उच्चारानुसार लिहिण्याची जपानी लिपी) धरून चाला: इन्दो, फुरान्सु, बुराजिरु, बेतोनामु. रोजच्या लिखाणात पूर्ण कांजीत (चिनीतून आलेल्या अक्षरांत) येणारी नावे मोजकीच: जपान (निहोन), चीन (चूगोकु), दक्षिण कोरिया (कान्कोकु), उत्तर कोरिया (किता-चोसेन), तैवान. काही नावे मिश्र. दक्षिण आफ्रिकेतले 'मिनामि' कांजीत, 'आफुरिका' काताकानात.

भाषेसाठी नावापुढे 'गो' लावा, आणि ते कांजीतच. फुरान्सु-गो झाले, पण इंग्रजीला इगिरिसु-गो म्हणत नाहीत; ती एइ-गो, दोन्ही अक्षरे कांजी. ब्राझीलची भाषा पोरुतोगारु-गो. 'इन्दो-गो' तर लिहूच नका, हिंदी-गो किंवा मराठी-गो असे नेमके लिहा.

या दोन नावांतच टंकनाची खरी गंमत आहे. रोमन कळफलकावर 'डी-आय' दाबले की 'जि' उमटते. हिंदीतल्या 'दि'साठी 'डी-एच-आय' आणि मराठीतल्या 'ठी'साठी 'टी-एच-आय' दाबा. दीर्घ स्वराची रेघ वजाबाकीच्या कळीने येते. मराठीत ती दोनदा, 'रा'नंतर आणि 'ठी'नंतर. मग एफ७ दाबून काताकाना करा, एंटरने पक्के करा आणि त्यानंतरच 'गो' टाइप करून कांजी निवडा. सगळे एकदम टाइप करून एफ७ दाबलात, तर 'गो'सुद्धा काताकानात जाईल.

हाताने लिहिताना 'इन्दो'तला 'न' जपा. त्याची लांब रेघ खालून वर जाते. वरून खाली ओढलीत की तो 'सो' होतो. दीर्घ रेघ आडव्या मजकुरात आडवी, उभ्या मजकुरात उभी.

बातम्यांच्या मथळ्यांत देश एका कांजीवर येतो: अमेरिका 'बेइ', ब्रिटन 'एइ', फ्रान्स 'फुत्सु', जर्मनी 'दोकु', भारत 'इन'. म्हणून भारत-जपान संबंध तिथे 'निचि-इन'. ही अक्षरे चिनी यादीतून उचलू नका. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी या तिघांसाठीही चिनीत वेगळी अक्षरे आहेत. भारताचे दोन कांजींतले जुने रूप शब्दकोशात सापडेल, पण साध्या पत्रात ते उगाच पुराणे वाटते.

जुने नकाशे प्रमाण मानू नका. जपान सरकारने 2015 मध्ये जॉर्जिया देशाच्या 'गुरुजिआ' या नावाचे 'जोजिआ' केले, तर 2019 मध्ये केप व्हर्देच्या नावातला 'व्ह'चा खास काताकाना काढून साधा 'बे' आणला.