चिपजवळ अणू गळताहेत? आधी या चुका टाळा

सापळ्यात धरलेला अतिशीत अणूंचा ढग चिपजवळ (सापळ्याचं क्षेत्र तयार करणाऱ्या धातूच्या तारांची पट्टी) नेला, अणू भराभर सापळ्यातून गळू लागले, की पहिला संशय जातो अणूंच्या आपसातल्या आंतरक्रियेवर. माझं मत विचाराल तर तो सर्वांत शेवटी यावा.

मूळ गल्लत अशी, की ढग दबून त्याचा पातळ थर झाल्याने होणारा बदल पृष्ठभागाच्या खाती घातला जातो. रुबिडियम-८७ ची विकिरण लांबी (scattering length, म्हणजे अणूंच्या टकरीचा जोर सांगणारं माप) ५.३ नॅनोमीटर. दोन अणूंची टक्कर एवढ्याशा जागेत ठरते. एक मायक्रोमीटरवरची काच तिथे कशी ढवळाढवळ करणार? थर दाबल्याने मात्र परिणामी आंतरक्रिया बदलते, आणि त्यासाठी भिंत लागतच नाही. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ दालिबार यांच्या गटाने २००६ मध्ये असे थर भिंतीविना, लेसर प्रकाशाच्या मदतीने धरले होते. थरातल्या आंतरक्रियेच्या तीव्रतेचा हिशेब सोपा आहे: विकिरण लांबीला थराच्या जाडीने भागा आणि ८π च्या वर्गमुळाने गुणा. ३.६ किलोहर्ट्झच्या सापळ्यात जाडी ०.१८ मायक्रोमीटर येते, उत्तर ०.१५ च्या आसपास. मात्र तापमान १७० नॅनोकेल्विनच्या बरंच खाली हवं, नाहीतर थर द्विमितीय म्हणण्यात अर्थ नाही.

मग गळती कशाची? घनता निम्मी करून पाहा. तीन अणूंच्या टकरी असतील, तर दर अणूमागचा ऱ्हास चौथाईवर येतो. तो जागचा हललाच नाही, तर संशय चिपवर. जाड धातूतल्या उष्णताजन्य प्रवाहांचं चुंबकीय क्षेत्र अणूंची फिरकी (स्पिन) उलटवतं आणि ते सापळ्याबाहेर पडतात. धातूचा थर पातळ केला की हा त्रास कमी होतो.

कॅसिमिर-पोल्डर ओढ (१९४८), म्हणजे पृष्ठभाग जवळच्या अणूला खेचतो ती, धरायची राहते, तीही नेहमीचीच चूक. काही मायक्रोमीटरवर तिची ऊर्जा अंतराच्या चौथ्या घातानुसार घटते. अंतर निम्मं केलंत की ऊर्जा सोळापट आणि सापळ्याची भिंत पृष्ठभागाच्या बाजूने खचते. अमेरिकेतल्या बोल्डरच्या प्रयोगात २००७ मध्ये काच तापवल्यावर ओढ वाढलेली दिसली. तेव्हा वहीत पृष्ठभागाचं तापमानही लिहा.

शेवटचा गुन्हेगार घरचाच: पृष्ठभागावर चिकटलेलं आपलंच रुबिडियम. त्याचं विद्युतक्षेत्र रोज थोडं वाढतं, म्हणून सोमवारचे आकडे शुक्रवारी जुळत नाहीत. रिडबर्ग अणू (ज्यांचा इलेक्ट्रॉन फार वरच्या कक्षेत नेलेला असतो) वापरत असाल तर आणखी जपा. त्यांची ध्रुवणक्षमता, म्हणजे विद्युतक्षेत्राने ताणलं जाण्याची क्षमता, मुख्य क्वांटम अंकाच्या (कक्षेच्या क्रमांकाच्या) सातव्या घाताने वाढते.