हजाराच्या आतली रेड वाइन आणि वर्षअखेरीचं जेवण: या चुका टाळा

नाशिकला राहण्याचा एक तोटा असा, की बाहेरगावच्या नातेवाइकांना वाटतं आपल्याला वाइनमधलं सगळं कळतं. "तुमच्याकडे काय, नळालाच येत असेल," हा विनोद मी दर डिसेंबरात ऐकते. माझा मामा दिंडोरी तालुक्यात वाइनची द्राक्षं पिकवतो, पण तो माळकरी आहे. स्वतःच्या द्राक्षाची वाइन त्याने आयुष्यात चाखलेली नाही. मी चाखली आहे, आणि बरीच वायाही घालवली आहे.

नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या जेवणांत वाया गेलेल्या त्या बाटल्या आठवल्या, तर मुळात खराब निघालेली एखादीच. बाकीच्या सहाशे-आठशेच्या बाटल्या चांगल्या होत्या. आम्हीच त्या गरम पाजल्या, तर्रीवर पाजल्या, नाहीतर उन्हात तापवल्या.

"रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते"

हे ठासून सांगणारा एक तरी जण प्रत्येक घरात असतो. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या फ्लॅटमध्ये दहा माणसं जमली आणि गॅसच्या तीन शेगड्या पेटल्या, की डिसेंबरातही हॉल २६-२७ अंशांवर जातो. एवढ्या उबेत अल्कोहोल आधी नाकात घुसतं, फळाचा वास मागे पडतो, घसा जळजळतो. मग कोणीतरी म्हणतं, "स्वस्तातली आणलीस ना?"

उपाय फुकटचा आहे. बाटली पाहुणे यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. हलकी रेड असेल, म्हणजे झिनफंडेल किंवा मर्लो या द्राक्षांची, तर तासभरही चालेल. थर्मामीटर लागत नाही. बाटलीला हात लावल्यावर ती माठातल्या पाण्याइतकी गार लागली पाहिजे, फ्रीजच्या पाण्याइतकी नाही. आणि आपल्याकडे डिसेंबरात आणखी एक सोय आहे. निफाडचा पारा किती घसरला ही बातमी पेपरात आली, की त्या रात्री फ्रीजमध्ये जागा करत बसू नका. बाटली गॅलरीत ठेवा, अर्ध्या तासात काम होतं.

फ्रीझरचा शॉर्टकट मात्र नको. मी एकदा "दहाच मिनिटं" म्हणून ठेवली आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरले. आठवण झाली तेव्हा आत जांभळा बर्फाचा गोळा झाला होता आणि बूच बोटभर वर आलं होतं. फार गार झालेल्या रेडचा वास बंद होतो आणि तुरटपणा टोचतो. तसं झालंच, तर ग्लास दोन्ही तळहातांत धरून पाच मिनिटं गप्पा मारायच्या.

काका वाइनमध्ये बर्फ टाकतात? टाकू द्या. सणाच्या जेवणात माणसाला शिकवायला जाऊ नये. बाटली आधीच गार असेल तर ते बर्फ मागतही नाहीत, हे मी दोन वर्षं पाहते आहे.

कडू नाही, तुरट

मावशीने पहिल्यांदा रेड वाइनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, ही तर कडू आहे!" मी म्हटलं, कडू नाही, तुरट आहे. आवळा खाल्ल्यावर, जांभूळ चघळल्यावर, चहा फार उकळल्यावर जीभ जशी कोरडी पडते तशी. आपल्या भाषेत या चवीला स्वतंत्र शब्द आहे, तरी वाइनच्या बाबतीत आपण तो विसरतो आणि सगळंच कडूत जमा करतो. रेड वाइनमध्ये काळ्या द्राक्षाचा रस सालं आणि बियांसकट आंबवतात. रंग सालातून येतो, आणि टॅनिन, म्हणजे हा तुरटपणा, साल आणि बी दोन्हींतून. व्हाइट वाइनमध्ये सालं आधीच बाजूला काढतात, म्हणून ती पहिल्या घोटाला सोपी जाते.

त्या रात्री ताटात होतं काळ्या मसाल्याचं मटण, वर बोटभर लाल तर्री, आणि ग्लासात कॅबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षाची वाइन. लाल वाइनमधल्या फार तुरट मंडळींपैकी ही एक. तिखटाने जीभ आधीच पेटलेली असते, अल्कोहोल ती आणखी पेटवतं आणि टॅनिन त्यावर खरखरीत कागदासारखं घासतं. यात ना मटणाचा दोष, ना वाइनचा. दोघांची गाठ घालून देणारी मी.

पण त्याच जेवणात एक गंमतही दिसली. मावशीने रश्शातला चरबीचा एक तुकडा मीठ लावून खाल्ला, वर एक घोट घेतला आणि म्हणाली, "आता बरी लागतेय की." टॅनिन तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ कोरडी पडते. खाण्यात प्रथिनं, चरबी आणि मीठ असलं, की ते तिकडे गुंततं आणि जीभ सुटते. तेव्हापासून आमच्याकडे क्रम बदलला. रेड वाइन सुरुवातीच्या खाण्याबरोबर: कबाब, बेताचं तिखट घातलेलं सुकं मटण, चीज, खारे काजू, पनीर टिक्का. रस्सा-भाकरी बाहेर आली की वाइनचे ग्लास आत. तर्रीबरोबर ताकच.

शाकाहारी घरांतही रेड छान बसते, फक्त शेवभाजीच्या नादी लागू नका. चुलीवर किंवा गॅसवर चांगलं करपवून भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून, आणि सोबत शिराझ: माझ्या मते नाशिकच्या हिवाळ्यात याहून चांगली जोडी नाही. शिराझमध्ये मिऱ्यासारखा वास येतो तो उगाच नाही. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन हे द्रव्य या द्राक्षाच्या सालातही असतं. मटणात लाल मिरची कमी करून मिरी वाढवली, तरी शिराझ खूश.

तळलेल्या सुरमईबरोबर तुरट रेड घेतली तर तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. आणि गुलाबजामबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड आंबट लागते. गोड पुढे येण्याआधी ती संपवा.

दुकानात होणाऱ्या चुका

पहिली चूक द्राक्षाचं नाव न वाचणं. ब्रँडपेक्षा ते महत्त्वाचं. आपल्या जेवणासाठी, विशेषतः पहिल्यांदा पिणारे असतील तर, झिनफंडेल किंवा मर्लो घ्या. मऊ, फळाळ, तुरटपणा बेताचा. थोडी सवय असेल तर शिराझ. नुसती कॅबर्ने फक्त मटण-चीजवाल्या टेबलासाठी. शिराझ-कॅबर्नेचं मिश्रण मधलं, आणि हजाराच्या आत सहज मिळतं. गोंधळ झालाच तर मी तेच उचलते.

दुसरी चूक: परदेशी म्हणजे भारी. भारतात वाइनवरचं आयात शुल्कच वर्षानुवर्षं एकूण १५० टक्के राहिलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही वाइनना २०२२च्या व्यापार करारानंतर सवलत मिळाली. म्हणजे इथे दीड-दोन हजारांना घेतलेली परदेशी बाटली तिच्या गावात रोजच्या जेवणाची साधी वाइन असू शकते. तेवढ्या पैशांत इथली चांगल्यापैकी रिझर्व्ह येते, नाहीतर साध्या दोन येतात.

आता 'रिझर्व्ह' शब्द आलाच आहे, तर स्पेनमध्ये रेड वाइनवर 'रिझर्व्हा' लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरलेली लागते, त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात. तोच अर्थ प्रत्येक देशाच्या लेबलवर लावू नका. मागचं लेबल वाचा, पिंपात किती महिने ठेवली ते बरेच जण लिहितात.

तिसरी चूक पोर्टची. आमच्या घरात बरीच वर्षं रेड वाइन म्हणजे पोर्ट, असंच होतं. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली; आंबवण अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाची दारू घालतात, त्यामुळे गोडवा राहतो आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती स्वस्त, गोड रेड, आणि ती वेगळी गोष्ट. जेवणभर ती प्यायली की तोंडाला मिठ्ठी बसते. पण नाक मुरडायचंही कारण नाही. नाताळच्या प्लम केकबरोबर महागड्या कोरड्या रेडपेक्षा हीच बरी लागते. शरणपूरच्या मैत्रिणीकडे केकबरोबर मी हटकून तीच मागते.

चौथी: शोकेसमधली बाटली. दुकानाच्या काचेत दिव्याखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. बूच वर आलेलं किंवा तोंडाशी चिकट ओघळ असेल तर ती तापलेली आहे. आणि झाकण फिरकीचं आहे म्हणून नाकारू नका. इथल्या कित्येक चांगल्या वाइन फिरकीच्या झाकणातच येतात, आणि बुचाच्या बुरशीची भानगडच राहत नाही.

पाचवी चूक 'जुनी तितकी चांगली' या समजाची. या किमतीतली रेड दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. लग्नात मिळालेली एक बाटली मी सहा वर्षं शोकेसवर जपली. उघडली तेव्हा रंग विटकरी झाला होता आणि वास मनुकांचा, शेवटी व्हिनेगरचा. शिवाय आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे डिसेंबरात दिसलेली याच वर्षाची रेड 'कोवळी' म्हणून टाळायचं कारण नाही, तिला आठ-दहा महिने मिळालेले असतात. त्या वेळी मामाच्या मळ्यात पुढच्या हंगामाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं.

नाशिककरांना एक फायदा आहे तो घ्या: आधी चाखून मग विकत घेणं. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा, इगतपुरीकडे व्हॅलोन. फक्त सुट्ट्यांच्या गर्दीत जाऊ नका, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पाचव्या चाखणीनंतर सगळंच छान लागतं, म्हणून काय घ्यायचं ते पहिल्या तीनमध्ये ठरवा. परत येताना गाडी चालवणाऱ्याने चाखायचं नाही. आणि बाटल्या डिकीत ठेवून बाहेर जेवायला थांबू नका. दुपारच्या उन्हात बंद डिकी म्हणजे भट्टी.

उघडल्यावर काहीतरी बिनसलंय

बूच काढायला ओपनर नाही, हे आम्हाला एकदा रात्री नऊला कळलं. भावाने चमच्याच्या दांड्याने बूच आत ढकललं, वाइन उडून पडद्यावर, आणि तुकडे तरंगायला लागले म्हणून मी ती चहाच्या गाळणीतून गाळली. त्या दिवशीच्या शिराझला मिऱ्याऐवजी आल्याचा वास होता. गाळणी नवी घ्या, किंवा स्वच्छ पंचा वापरा. ग्लासही आधी हुंगून बघा, भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला असेल तर गरम पाण्याने विसळा. महागडे ग्लास नसले तरी चालतात, फक्त एक तृतीयांशच भरा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते.

वाइनला जळलेल्या काडीपेटीचा किंवा किंचित अंड्याचा वास आला तर घाबरू नका. दोन जगांमध्ये चार-पाचदा वर-खाली ओता, बहुतेक वेळा उडून जातो. फार तुरट लागली तर जगमध्येच अर्धा तास ठेवा आणि टेबलावर चीज आणा. ओल्या पोत्याचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर बूच बुरसलेलं आहे. त्याला इलाज नाही, पावती असेल तर बाटली परत न्या. नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरचा वास, तोही गेला. तळाला गाळ असेल तर तो निरुपद्रवी आहे, बाटली तासभर उभी ठेवा आणि शेवटचा घोट सोडून द्या.

वाइन खराब नाही, पण कोणालाच आवडली नाही, असंही होतं. तेव्हा मोठ्या भांड्यात ओता, संत्र्याच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे, पेरूच्या फोडी, दोन चमचे साखर घाला, तासभर गार करा आणि वाढताना सोडा. सांग्रिया म्हणा आणि मान वर करून वाढा.

किती आणायची, उरली तर काय

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. दहा पाहुण्यांत पिणारे सहा धरले आणि प्रत्येकी अडीच ग्लास, तर तीन बाटल्या पुरे. तीनही एकाच प्रकारच्या आणू नका. दोन मऊ, एक शिराझ. खरेदी ३१च्या संध्याकाळवर ढकलली तर दुकानात उरलेलंच मिळतं.

उरलेली बाटली उघडी ओट्यावर राहू देऊ नका. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस ठीक राहते. त्यानंतर मी ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि मशरूमच्या ग्रेव्हीत दोन खडे टाकते. फक्त त्या ग्रेव्हीचा डबा मामाकडे जायला नको.